हुबेहूब करताना : पाचवीच्या वर्गातला कम्युनिकेटर



आपल्या लातूर-नांदेड भागात 'कॉपी' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. बोर्डाची परीक्षा केंद्रं, खिडकीशी लोंबकळणारी पोरं, भरारी पथक, कॉपीमुक्तीचे फलक. वर्गातही 'त्याचं बघून लिहू नको' हे वाक्य आपण दिवसातून दहादा म्हणतो. अशा भागात राहून मी लिहिते आहे की, माझ्या पाचवीच्या वर्गानं या वर्षी दोन महिने एका वस्तूची कॉपी केली आणि त्यातून मुलं बरंच शिकली, तर काहींना ते खटकेल. म्हणून नीट सांगते. आम्ही एका जुन्या विज्ञानकथा मालिकेतल्या यंत्राची प्रतिकृती बनवली. अट एकच होती, पडद्यावर दिसतं तसंच दिसलं पाहिजे.

कोणती वस्तू आणि का?

माझ्या वयाच्या वाचकांना 'कॅप्टन व्योम' आठवत असेल. १९९८ मध्ये दूरदर्शनवर लागायची. दिग्दर्शक केतन मेहता, आणि कॅप्टन झाला होता आपला मिलिंद सोमण. रेणापूरसारख्या ठिकाणी लाईट असली तर भाग बघायला मिळायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीतरी सांगेल ती गोष्ट. परिसर अभ्यासात संदेशवहनाचा भाग चालू असताना मी मुलांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्याच्याबी आधी असलं काही होतं का?"

होतं. अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. त्यात अंतराळवीरांच्या हातात एक छोटं यंत्र असतं, कम्युनिकेटर. मनगटाला झटका दिला की जाळीचं झाकण उघडतं आणि थेट अंतराळयानाशी बोलता येतं. फोटो दाखवल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हा तर फोल्डिंगचा मोबाईल!" मग फळ्यावर तारखा मांडल्या. मालिका १९६६ ची. हातात धरायच्या मोबाईलवरून पहिला कॉल मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कमध्ये केला तो ३ एप्रिल १९७३ ला. आणि मोटोरोला कंपनीचा 'स्टारटॅक' हा घडीचा फोन १९९६ चा. म्हणजे वस्तू आधी गोष्टीत आली आणि हातात नंतर. मुलांना हे इतकं आवडलं की 'आपण बनवू' हा ठराव तिथंच पास झाला.

'चालतंय की' आणि 'सारखं दिसंना'

पहिल्या दिवशी एका मुलानं कंपासपेटी पुढं केली. झाकण आहे, बिजागरी आहे, उघडते, मिटते. आतून चिठ्ठी चिकटवली की झालं. "चालतंय की मॅडम असंच!" निम्मा वर्ग तयार होता.

एक मुलगी मात्र फोटो आणि कंपासपेटी शेजारी ठेवून बघत राहिली. ती वर्गात फारसं बोलत नाही. हळूच म्हणाली, "मॅडम, हे सारखं दिसंना. त्याचे कोपरे गोल हायेत."

या दोन वाक्यांवर आमचे पुढचे दोन महिने गेले. खेळणं करायचं असेल तर 'चालतंय की' पुरेसं आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण 'हुबेहूब' ठरवलं की प्रत्येक कोपऱ्याला उत्तर द्यावं लागतं. जगभरात अशा प्रतिकृती करणारे हौशी लोक आहेत. ते पडद्यावर दिसतं तसं करण्याला 'स्क्रीन अॅक्युरेट' म्हणतात आणि एकेका बटणासाठी महिनोन्‌महिने घालवतात. त्यांचा हट्ट मला पूर्वी विचित्र वाटायचा. पाचवीच्या मुलांबरोबर बसल्यावर त्या हट्टात किती गणित आणि किती भाषा आहे ते दिसलं.

पडद्यावरची वस्तू मोजायची कशी?

फोटोवर पट्टी ठेवली तर फोटोची लांबी मिळते, वस्तूची नाही. मग मुलांनीच शोधलं की फोटोत यंत्राबरोबर आणखी एक गोष्ट आहे, धरणाऱ्याचा हात. हात किती मोठा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक नसेल तर मोजता येतं.

गृहपाठ दिला, घरातल्या मोठ्या पुरुषाच्या तळव्याची रुंदी अंगठा सोडून मोजून आणा. कुणी वडिलांचा हात मोजला, कुणी शेजारच्या काकांचा. सरासरी साधारण साडेआठ सेंटीमीटर निघाली. फोटोत तळवा ४ सेंटीमीटर आणि यंत्र ५ सेंटीमीटर. म्हणजे यंत्र तळव्याच्या सव्वापट. आता साडेआठाची सव्वापट किती?

नातवाला न्यायला आलेले एक आजोबा दारात उभे होते. त्यांनी तिथूनच सांगितलं, "साडेदहा अन् वर थोडं." कागदावर गुणाकार करून आम्ही १०.६ वर पोचलो तेव्हा वर्ग त्यांच्याकडं वळून बघायला लागला. आजोबांना सवायकी-दिडकीचे पाढे पाठ होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मुद्दाम बोलावलं. अर्धा तास त्यांनी पावकी, निमकी, सवायकी घेतली. पोरांना त्या दिवशी पाढे कशासाठी पाठ करायचे हे विचारावं लागलं नाही.

पुढची अडचण याहून मजेची. दोन फोटो होते. एकात यंत्राची लांबी रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त, दुसऱ्यात जेमतेम सव्वापट. वस्तू एकच असताना असं कसं? एकानं हातातलं खोडरबर तिरकं करून दाखवलं. तिरकं धरलं की लांबी कमी दिसते. मग सरळ धरलेला फोटो कोणता हे ओळखायचं कसं? यंत्राच्या मध्यभागी एक गोल चकती आहे. ज्या फोटोत ती अंड्यासारखी दिसते तिथं यंत्र कललेलं आहे. ज्यात ती गोल दिसते तिथं ते आपल्याकडं तोंड करून आहे. एका वर्तुळानं फोटोचा खरेखोटेपणा सांगितला. हे मी शिकवलं नाही, तिथं मुलंच माझ्यापुढं होती.

वहीतले तीन रकाने

मोजमापांसाठी एक वही केली. तिच्यात तीन रकाने आखले : दिसलं, मोजलं, अंदाज.

फोटोत जाळी सोनेरी आहे, हे 'दिसलं'. लांबी १०.६ सेंटीमीटर, हे 'मोजलं'. आणि नटाचा हात आपल्या घरच्यांच्या हाताएवढाच असेल, हा 'अंदाज'. म्हणजे मोजलेल्या लांबीच्या पोटातही एक अंदाज लपलेला आहे. हे वर्गाच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी 'मोजलं'मधल्या १०.६ समोर लाल पेनानं छोटी फुली मारली आणि खाली लिहिलं, 'हात सरासरी धरला'. पाचवीची मुलं! मी ती वही जपून ठेवली आहे.

रंगाचा वाद तर आठवडाभर चालला. मी त्यांना सांगितलं की त्याच मालिकेत कॅप्टनचा सदरा पडद्यावर सोनेरी-पिवळा दिसतो, पण प्रत्यक्षात तो हिरवट होता. सेटवरचा प्रकाश आणि फिल्म यांमुळं रंग बदलला. मग आपण कुणाशी प्रामाणिक राहायचं, पडद्याशी की खऱ्या वस्तूशी? मतदान झालं. 'खरी वस्तू आपण बघितलीच नाही, तर तिच्यासारखं करतो असं म्हणायचं कसं?' या मुद्द्यावर पडदा जिंकला.

मागची बाजू

सगळ्यात अवघड प्रश्न त्याच अबोल मुलीनं विचारला. "मॅडम, मागची बाजू कुठंच नीट दिसंना. जे दिसत नाही ते कसं काढायचं?"

मी त्यांना त्या मालिकेतल्या यानाची गोष्ट सांगितली. 'एंटरप्राइज' या यानाची चित्रीकरणासाठी केलेली मोठी प्रतिकृती सुमारे ११ फूट लांबीची होती. ती आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिचं चित्रीकरण उजव्या बाजूनं व्हायचं. डाव्या बाजूनं दिव्यांच्या वायरी बाहेर काढलेल्या होत्या, म्हणून ती बाजू पूर्ण सजवलेलीच नव्हती. पडद्यावर अखंड दिसणारं यान एका बाजूनं अर्धवट होतं.

मुलं विचारात पडली. काही म्हणाले, मागं छान डिझाईन काढू. शेवटी ठरलं ते असं : मागची बाजू साधी काळी ठेवायची आणि तिच्यावर चिठ्ठी लावायची, 'ही बाजू आम्हाला दिसली नाही.'

तयारी, सामान आणि मच्छरदाणी

सामान सगळं इथलंच. वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यांचे थर फेव्हिकॉलनं चिकटवून आणि काचपेपरनं घासून गोल कोपऱ्यांची पेटी केली. झाकणाला आठवडी बाजारातली बारीक छिद्रांची चाळणी कापून सोनेरी रंग दिला. पत्रा कापायचं काम अर्थातच मी केलं. पहिलं झाकण पुठ्ठ्याचं होतं, ते झटका देऊन उघडायचंच नाही. पत्र्याचं केलं, कडेला सायकलची तार बसवली, बिजागरीत शिलाई मशीनचं तेल सोडलं, तेव्हा ते एका झटक्यात उघडलं. वजन लागतं आणि बिजागरी सैल लागते, हे मुलांच्या हातांनी शोधलं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं हेच करत होते. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत, शाळेच्या ग्रंथालयात जरूर ठेवा.

मधली चकती म्हणजे या यंत्राचा जीव. तिच्यात एक नक्षी सतत हलताना दिसते. हे यंत्र घडवणारे कलाकार वा मिंग चँग. जवळून दिसणाऱ्या यंत्रांत ही चकती स्टॉपवॉचच्या यंत्रणेवर फिरायची. नक्षीचं गुपित आपल्या घरात आहे. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर धरून हळूच सरकवा. जाळी साधीच असते, पण दोन जाळ्यांमधून लाटा पळताना दिसतात. याला मोआरे नक्षी म्हणतात. आम्ही कागदावर बारीक किरणांसारख्या रेघा काढल्या, वर तशाच रेघांचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा बसवला आणि लातूरच्या गंजगोलाईतून आणलेल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या मशीनवर, सेकंदकाट्याच्या जागी, कागदी चकती लावली. सेल घातला. नक्षी टिक टिक करत फिरायला लागली आणि वर्गात जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

एक गोष्ट मुलांना फार आवडली. मालिकेच्या पहिल्याच प्रसारित भागात मिठाच्या डब्या लागणार होत्या. भविष्यातल्या वाटाव्यात म्हणून वेगळ्याच आकाराच्या आणल्या, पण त्या मिठाच्या डब्या आहेत हे प्रेक्षकाला कळणारच नाही, असं वाटल्यानं साध्याच वापरल्या. वेगळ्या आणलेल्या वाया गेल्या नाहीत, त्या डॉक्टरच्या हातात उपचाराची यंत्रं म्हणून आल्या! त्या दिवसापासून आमच्या वर्गात कुठलंही भंगार 'कशाची तरी मिठाची डबी' झालं.

"डबडं करायलात व्हय?"

हे सगळं बिनविरोध झालं असं नाही. पालक सभेत एका वडिलांनी सरळ विचारलं, "मॅडम, स्कॉलरशिपची परीक्षा तोंडावर अन् तुम्ही डबडं करायलात व्हय?" प्रश्न रास्त होता. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात लेकराचा एकेक तास पालक मोजतो, आणि त्याच्यामागं कर्ज काढून शिकवण्याची धडपड असते. मी भाषण केलं नाही. तीन रकान्यांची वही त्यांच्यापुढं ठेवली आणि त्यांच्याच मुलाला समजावून सांगायला लावलं. त्यानं गुणोत्तर, सरासरी, दशांश आणि तिरक्या फोटोची गंमत दहा मिनिटांत सांगितली. वडील म्हणाले, "बरं. पर अभ्यासबी घ्या." मी म्हटलं, "घेते की भाऊ."

आता त्या मुलीबद्दल. तिच्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

तिचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर. फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरायचं, काना-मात्रा चुकायची नाही. वही बघणारा प्रत्येकजण शेरा द्यायचा, उत्तम. पण वाचायला उभी केली की गप्प. ती अक्षरं वाचत नव्हती, चित्रासारखी काढत होती. हे मला जुलैतच कळलं होतं. पण ती कधी 'येत नाही' म्हणायची नाही, आणि नेमकं काय येत नाही हे कळल्याशिवाय सुरुवात कुठून करायची? सुंदर वहीच्या मागं ती लपलेली होती.

प्रतिकृती पूर्ण झाली त्याच आठवड्यात मी मराठीच्या तासाला एक छोटा उतारा दिला आणि म्हटलं, आपल्या तीन रकान्यांसारखंच करायचं. वाचता आलेल्या शब्दाखाली टिंब, अंदाजानं वाचलेल्या शब्दाखाली रेघ, आणि जो दिसला पण वाचता आला नाही त्याला गोल. गुण नाहीत. मागच्या बाजूवर चिठ्ठी लावली तसंच, जे नाही ते नाही लिहायचं.

तिच्या कागदावर एकतीस गोल होते.

चार वर्षांत पहिल्यांदा तिनं कुणालातरी लिहून दिलं होतं की हे मला येत नाही. मी ते गोल घेऊन बसले. बहुतेक जोडाक्षरांवर होते आणि रफारावर. साधे शब्द तिला येत होते! आता मला सुरुवात कुठून करायची ते माहीत होतं. रोज मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं आम्ही जोडाक्षर खोलून बघायचो, यंत्र खोलतात तसं : कोणतं अक्षर अर्धं, कोणतं पूर्ण, कोण कुणावर बसलंय. फेब्रुवारीत तेवढ्याच लांबीच्या नव्या उताऱ्यावर नऊ गोल आले. ती अजून हळू वाचते. मोठ्यानं वाचताना आवाज बारीक होतो. पण आता अडली की हात वर करते आणि म्हणते, "मॅडम, गोल." तिची आई परवा सांगत होती, घरी चहाच्या पुड्यावरचं वाचते अन् अडलं की बोटानं गोल काढून दाखवते.

गाईडमधून वहीत उतरवणं आणि पडद्यावरून पुठ्ठ्यात उतरवणं, नाव दोन्हीचं कॉपीच. पहिल्या कॉपीत आपल्याला काय येत नाही ते झाकलं जातं. दुसरीत ते झाकताच येत नाही, कारण कोपरा गोल आहे की नाही हे कुणीही शेजारी ठेवून बघू शकतं. मुलांना कोणती कॉपी करायला लावायची, हे आपल्या हातात आहे.

करून बघायचं असेल तर

वस्तू मुलांना निवडू द्या, पण एकच निवडा आणि तिचे निदान दोन-तीन वेगवेगळ्या बाजूंचे फोटो मिळतील याची खात्री करा. कम्युनिकेटरच पाहिजे असं नाही, चांद्रयानाचा लँडर किंवा घरातल्या जुन्या फोटोतला रेडिओही चालेल.

फोटोत माप माहीत असलेली एक तरी गोष्ट हवी. हात, दार, वीट, नाणं, काहीही.

तीन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा आणि 'अंदाज' लिहिणाऱ्याला शाबासकी द्या. 'मोजलं'च्या रकान्यापेक्षा तिथं जास्त शिकायला मिळतं.

कात्री आणि पत्रा मोठ्यांनी हाताळावा. आमचा सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला, त्यात घड्याळाचं मशीनच महाग.

पालकांनो, घरी मूल वही दाखवायला आणेल तेव्हा अक्षर बघाच, पण एका ओळीवर बोट ठेवून विचारा, "यातलं तुला कुठलं येत नाही?" उत्तर मिळालं तर रागावू नका. ते उत्तर द्यायला मुलाला फार बळ लागतं.

आमचा कम्युनिकेटर वर्गाच्या कपाटात आहे. कधी रेणापूरला आलात तर शाळेत या. मुलं तुम्हाला झाकण उघडून दाखवतील आणि मागची चिठ्ठीही वाचून दाखवतील.